कॉम्प्युटरसाठी परवडणारा डॅक: आधी दुखणं ओळखा, मग पाकीट काढा

डॅक (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर), म्हणजे कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचा आवाज करून हेडफोन-स्पीकरकडे पाठवणारं उपकरण, विकत घेण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर हाताशी हवं. सध्याच्या आवाजात नेमकं काय बिघडलंय? डॅक तीनच तक्रारी मिटवू शकतो. शांततेत चिरचिर किंवा खरखर ऐकू येते, आवाज पूर्ण वाढवूनही कमी पडतो, किंवा जोडायला जॅकच नाही (नव्या लॅपटॉपांत हे वाढत चाललंय). ‘आवाजात जान नाही’, ‘बास पोकळ वाटतो’ या तक्रारी सहसा हेडफोनच्या किंवा स्पीकरच्या असतात. दीड हजाराच्या हेडफोनला आठ हजारांचा डॅक लावू नका. तेच पैसे हेडफोनवर घातले तर फरक पहिल्याच गाण्यात कळेल.

डॅक तुमच्याकडे आधीच आहे, हेही लक्षात असू द्या. लॅपटॉपच्या मदरबोर्डावर एक ऑडिओ कोडेक चिप असते, बहुतेक वेळा रिअलटेकची. आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर तीच करते आणि आजकाल ते बरंच नीट करते. अडचण तिच्या शेजाऱ्यांची असते. प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय सगळं त्याच पट्टीवर, त्याच ग्राउंडवर चालतं. बाहेरचा डॅक हे रूपांतर त्या गर्दीबाहेर नेतो. त्याचा मुख्य फायदा एवढाच.

घरातली तपासणी, पैसे न खर्चता

इअरफोन लॅपटॉपला लावा, व्हॉल्यूम १०० करा आणि पूर्ण शांततेची फाइल वाजवा. नुसतं गाणं थांबवून चालत नाही, कारण काही सेकंद सिग्नल आला नाही की बरेच कोडेक झोपतात आणि खरखर आपोआप बंद होते. आता माउस फिरवा, एखादं लांब वेबपेज वर-खाली करा, मोठी फाइल कॉपी करा. हालचालीबरोबर चिरचिर बदलत असेल तर आतला गोंगाट ऑडिओत शिरतोय. बाहेरचा डॅक इथे हमखास कामाला येतो.

डेस्कटॉप असेल तर आधी पुढचा जॅक सोडून मागच्या, थेट मदरबोर्डावरच्या जॅकमध्ये पिन घाला. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटभर फिरून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून येते. निम्मी खरखर इथेच संपल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत.

मग चार्जर काढून बॅटरीवर ऐका. स्पीकरमधली ‘घूं’ चार्जर काढताच थांबली तर तुमचं दुखणं ग्राउंड लूपचं, म्हणजे उपकरणांची ग्राउंडं एकाहून जास्त वाटांनी जोडली जाऊन बनलेल्या वेटोळ्याचं आहे. यूएसबी डॅक घेऊन ते जाईलच असं नाही, कारण यूएसबीच्या वायरीतून तेच ग्राउंड डॅकपर्यंत आणि पुढे ॲम्प्लिफायरपर्यंत जातं. डॅक घेऊनही हम (हीच ‘घूं’) तसाच राहिला, ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. त्याचा इलाज पुढे आहे.

किती व्होल्ट लागतील: हा हिशोब चुकवू नका

जाहिरातीत चिपचं नाव मोठं आणि आउटपुट व्होल्टेज बारीक अक्षरात असतं. तुम्ही उलटं वाचा. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात, इंपीडन्स (विजेला होणारा अडथळा) ओहममध्ये आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेत किती मोठा आवाज निघतो) डेसिबलमध्ये. सेन्सिटिव्हिटी ‘प्रति मिलिवॉट’ आहे की ‘प्रति व्होल्ट’, हे आधी बघा. प्रति मिलिवॉटचा आकडा प्रति व्होल्टमध्ये आणायचा तर १६ ओहमला सुमारे १८, ३२ ओहमला १५ आणि २५० ओहमला ६ डेसिबल मिळवायचे.

उदाहरणं घेऊ. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्स ३८ ओहमचा, ९९ डेसिबल प्रति मिलिवॉटचा आहे. त्याला १ व्होल्ट दिला तर सुमारे २६ मिलिवॉट जातात आणि शिखराचा, म्हणजे गाण्यातल्या सर्वांत मोठ्या क्षणाचा, आवाज ११३ डेसिबलपर्यंत पोचतो. कान बधिर व्हायला एवढं पुरेसं आहे. म्हणजे या हेडफोनला हजाराचा डोंगलही (वायरीच्या तुकड्याएवढा छोटा डॅक) भरपूर झाला. आता बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा, ९६ डेसिबल प्रति मिलिवॉट. १ व्होल्टला ४ मिलिवॉट, म्हणजे १०२ डेसिबल. अर्ध्या व्होल्टला ९६ आणि २ व्होल्टला १०८.

१०२ डेसिबल कागदावर मोठे दिसतात, पण ते शिखर आहे. हल्लीच्या चित्रपटगीतांत सरासरी आवाज शिखराच्या ८-१० डेसिबलच खाली असतो, तिथे काही अडत नाही. ख्यालाच्या नीट ध्वनिमुद्रणात मात्र सुरुवातीची आलापी शिखराच्या २०-२५ डेसिबल खाली असू शकते. मग विलंबित ऐकताना व्हॉल्यूम १०० वर नेऊनही हात पुन्हा बटणाकडेच जातो. म्हणून शिखराला ११० डेसिबलच्या आसपास मिळेल असा डॅक बघा. २५०-३०० ओहमच्या हेडफोनला याचा अर्थ २ व्होल्ट किंवा जास्त.

जादा व्होल्टही त्रासाचेच. १६ ओहमच्या, ११० डेसिबलच्या पुढच्या इन-इअरला ४ व्होल्टचा डोंगल लावलात तर विंडोजचा व्हॉल्यूम ३ वर हळू आणि ५ वर मोठा होतो, शिवाय मागे फुसफुस ऐकू येते. असा इन-इअर वापरणाऱ्यांनी कमी ताकदीचा, किंवा ‘लो गेन’ची (ताकद कमी करायची) सोय असलेला डॅक घ्यावा.

आउटपुट इंपीडन्सही बघा. हेडफोनच्या इंपीडन्सच्या आठव्या भागापेक्षा तो कमी हवा. १६ ओहमच्या इन-इअरला २ ओहमच्या आत. जास्त असेल तर एकाच कानात तीन-चार ड्रायव्हर (छोटे स्पीकर) असलेल्या इन-इअरचा सूर बदलतो, बास फुगतो किंवा वरचे स्वर मंदावतात. बरे डोंगल १ ओहमच्या आसपास असतात.

कोणत्या पैशात काय

भाव सतत हलतात, म्हणून पट्ट्याच सांगतो.

हजाराच्या आतबाहेर अ‍ॅपलचा यूएसबी-सी ते ३.५ मिमी अडॅप्टर मिळतो. दिसायला वायरीचा तुकडा, पण आत पूर्ण डॅक आहे, आउटपुट इंपीडन्स सुमारे १ ओहम आणि माइकही चालतो. विंडोज लॅपटॉपलाही तो बिनबोभाट लागतो. दोन गोष्टी मात्र जपा. ए२०४९ क्रमांकाचा अडॅप्टर सुमारे १ व्होल्ट देतो, युरोपसाठीचा ए२१५५ अर्धाच देतो. क्रमांक वायरीवर अगदी बारीक छापलेला असतो, मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचा. आणि बऱ्याच अँड्रॉइड फोनवर याचा आवाज फार कमी येतो, कारण फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. कॉम्प्युटरवर ही अडचण नाही.

दोन ते चार हजारांत थोडे जास्त ताकदीचे डोंगल येतात, फिओ केए११ सारखे. १५० ओहमच्या पुढचे हेडफोन असतील तरच इथे या. ४.४ मिमी बॅलन्स्ड जॅकचे डोंगलही याच पट्टीच्या वरच्या टोकाला भेटतात. बॅलन्स्डमध्ये व्होल्टेज साधारण दुप्पट मिळतं, पण त्या जॅकवर ३.५ मिमीचा साधा कन्व्हर्टर कधीही लावू नका. दोन्ही बाजूंचे ऋण तार एकत्र येऊन शॉर्ट होतात आणि डोंगल जळू शकतो. ऑफिसच्या मीटिंगला वापरणार असाल तर माइक चालतो का, हे विचारूनच घ्या. फक्त ऐकण्यासाठी बनवलेल्या अनेक डोंगलांत माइकची वाटच नसते.

सात-दहा हजारांत टेबलावरचे डबे सुरू होतात आणि सर्वांत जास्त चुकीची खरेदी इथेच होते. एसएमएसएल एसयू-१ हा नुसता डॅक आहे. मागे आरसीए (लाल-पांढऱ्या गोल पिनांचे) आउटपुट, आत यूएसबी, ऑप्टिकल आणि कोॲक्सियल इनपुट, पण हेडफोनचा जॅक नाही. स्पीकर किंवा ॲम्प्लिफायरला जोडायचा असेल तर उत्तम. हेडफोन लावायचा असेल तर टॉपिंग डीएक्स१ सारखा डॅक आणि ॲम्प एकत्र असलेला डबा लागतो. फोटोत दोन्ही सारखेच काळे चौकोन दिसतात, म्हणून पुढच्या-मागच्या पॅनलचे फोटो नीट बघा.

घरातल्या पॉवर्ड स्पीकरना जोडायचं असेल तर आरसीएचा मान्य आउटपुट २ व्होल्ट आहे. डोंगलचा १ व्होल्टही बहुतेक स्पीकरना चालतो, स्पीकरचं बटण थोडं जास्त फिरवावं लागतं एवढंच.

चिपच्या नावावर भाळू नका

ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओकाच्या एकेएम या चिप कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि जगभर त्यांच्या डॅक चिपांचा तुटवडा झाला. कंपन्यांनी मग काय केलं? फिओने के५ प्रो मध्ये ईएसएसची चिप बसवली, बाकी डबा जवळपास तोच ठेवला आणि विक्री चालू राहिली. आवाज ठरवण्यात चिपभोवतीचा वीजपुरवठा आणि आउटपुटचं सर्किट यांचा वाटा मोठा असतो.

१६ बिटच्या, म्हणजे सीडीच्या, ध्वनीत सर्वांत मोठा आवाज आणि गोंगाट यांतल्या अंतराची सैद्धांतिक मर्यादा सुमारे ९८ डेसिबल आहे. चांगल्या डॅकच्या मापनात याच अंतराचे ११० आणि १२० असे आकडे दिसतात. शिखर १०५ डेसिबलवर ऐकत असाल तर ११० वाल्या डॅकचा गोंगाट ऐकण्याच्या उंबरठ्याखाली जातो. पंखा चालू आणि खिडकीखाली रिक्षा, अशा मुंबईतल्या खोलीत १२० चा आकडा फक्त खोक्यावर शोभतो. यूट्यूबवर जुनं नाट्यसंगीत ऐकणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथला ऑडिओ आधीच दाबलेला असतो आणि ७८ आरपीएम तबकडीची सरसर कोणत्याही डॅकच्या गोंगाटाच्या कितीतरी वर असते. ती घालवणं डॅकचं काम नाही.

एमक्यूए (एका कंपनीचा खास ऑडिओ फॉरमॅट) चिन्हासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. ती कंपनी २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि टायडल या गाण्यांच्या स्ट्रीमिंग सेवेने २०२४ मध्ये फ्लॅक या खुल्या फॉरमॅटकडे मोर्चा वळवला. ३८४ किलोहर्ट्झ, डीएसडी वगैरे आज जवळपास सगळ्यांतच असतं, त्यावरून निवड करायची गरज नाही.

यूएसबीचा वर्ग, म्हणजे डॅक कॉम्प्युटरशी कोणत्या यूएसबी ऑडिओ मानकाने बोलतो ते, मात्र बघण्यासारखा आहे. वर्ग १ चा डॅक २४ बिट ९६ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि जुन्या कॉम्प्युटरला, गेमिंग कन्सोलला सहज लागतो. वर्ग २ ला विंडोज १० च्या २०१७ मधल्या १७०३ आवृत्तीपासून वेगळा ड्रायव्हर लागत नाही. घरात अजून विंडोज ७ ची मशीन असेल तर कंपनीचा ड्रायव्हर मिळतोय ना ते आधी बघा, नाहीतर वर्ग १ वाला घ्या.

दुकानात

मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराला, लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत जाता येतं. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. आरसीए केबल, ३.५ मिमी ते आरसीए, ऑप्टिकल केबल, फेराइट रिंग यांसाठी ही जागा उत्तम. डॅकसाठी मात्र कंपनीची वॉरंटी आणि जीएसटीचं पक्कं बिल मिळेल तिथूनच घ्या, दुकान असो वा ऑनलाइन. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्यायला विसरू नका.

फुटपाथवर शंभर-दीडशेला मिळणाऱ्या टाइप-सी अडॅप्टरांत दोन जाती आहेत. एकीत डॅक असतो. दुसरीत नुसत्या तारा असतात, काही फोन टाइप-सी मधूनच ॲनालॉग आवाज सोडतात त्यांच्यासाठी. ही दुसरी जात लॅपटॉपला लावली तर काहीच होत नाही. ओळख सोपी आहे. लॅपटॉपला लावल्यावर आवाजाच्या यादीत नवं उपकरण दिसलं पाहिजे, नाही दिसलं तर आत डॅक नाही. अ‍ॅपलचा खरा अडॅप्टर यादीत स्वतःच्या लांबलचक नावानिशी येतो. तिथे ‘यूएसबी ऑडिओ’ असं मोघम नाव आलं तर माल नकली समजा. दुकानात जाताना लॅपटॉप बरोबर न्या.

जोडणी आणि सेटिंग

टेबलावरचा डॅक ॲम्पला जोडताना सगळं बंद ठेवा. दोन पिनी चार्जरवरच्या लॅपटॉपच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येतात ना, तो चार्जरमधल्या कपॅसिटरमधून झिरपणारा करंट असतो. आरसीएचा मधला खिळा बाहेरच्या कड्याआधी टेकतो, त्यामुळे चालू स्थितीत पिन घातली तर हा करंट थेट इनपुटमध्ये शिरतो. स्पीकर धाडकन वाजतो, कधी इनपुट कायमचा जातो.

विंडोजमध्ये ध्वनीच्या सेटिंगमधून जुन्या पद्धतीची प्लेबॅक यादी उघडा, डॅक निवडा, प्रॉपर्टीज आणि त्यात ॲडव्हान्स्ड. यूट्यूब, मीटिंग आणि सिनेमासाठी २४ बिट ४८ किलोहर्ट्झ ठेवा. स्वतःच्या सीडी रिपच ऐकत असाल तर ४४.१. सर्वांत वरचा आकडा निवडून काही मिळत नाही, उलट विंडोज प्रत्येक आवाज त्या आकड्याला ताणत बसतं. एनहान्समेंट बंद करा. फूबार २००० सारख्या प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह निवडलंत तर फाइल जशी आहे तशी डॅककडे जाते, पण तोवर बाकी कुठलाच आवाज वाजणार नाही. मीटिंगची घंटाही नाही. मॅकवर बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे ऑडिओ मिडी सेटअपमध्ये बदलतात.

मधेच टक-टक, तुटक आवाज येत असेल तर डॅकला दोष देण्याआधी हब काढा. हार्ड डिस्क आणि डॅक एकाच हबवर भांडतात. तरीही थांबलं नाही तर वाय-फाय बंद करून बघा, वाय-फायचा वाईट ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवतो. गाण्याचं पहिलं अक्षर गिळलं जात असेल तर पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. पोर्ट झोपतो आणि उठायला अर्धा सेकंद घेतो.

हम आणि अर्थिंग

आधी आवाज ओळखा. खर्जातली ‘घूं’ ५० किंवा १०० हर्ट्झची, म्हणजे मेन्सची. १ किंवा ८ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी यूएसबीची, कारण यूएसबीचे डेटाचे हप्ते नेमके त्याच वेगाने सुटतात.

‘घूं’साठी एकेक तार काढत जा. ॲम्पला टीव्हीही जोडलेला असेल तर सेट-टॉप बॉक्सची केबलची वायर सगळ्यात आधी काढा. ती गच्चीवरून किंवा जिन्यातल्या बूस्टरवरून वेगळंच ग्राउंड घेऊन घरात येते आणि अर्ध्या इमारतींत दोषी तीच निघते. मग लॅपटॉप, डॅक, ॲम्प सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा. तरीही राहिलं तर डेस्कटॉपमधून ऑप्टिकल आउटपुट घ्या. त्या वायरीतून फक्त उजेड जातो, ग्राउंडचा संबंधच तुटतो. लॅपटॉपला ऑप्टिकल नसेल तर ॲम्पच्या आधी आरसीए लाइन आयसोलेटर लावा. फार स्वस्त घेतलात तर त्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर बास खातो. यूएसबी आयसोलेटर घ्यायचा तर वेग तपासा. स्वस्त पट्ट्यांत बहुधा एडीयूएम३१६० किंवा ४१६० चिप असते, ती १२ मेगाबिटपर्यंतच जाते. वर्ग २ चा डॅक त्यावर एक तर ९६ किलोहर्ट्झवर उतरतो किंवा ओळखलाच जात नाही.

तीन पिनी प्लगची अर्थची पिन कापून हम घालवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. हम जाईल आणि ॲम्पमध्ये फॉल्ट आला तर २३० व्होल्ट त्याच्या पत्र्यावर येतील. जुन्या चाळींत आणि इमारतींत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. वायरमनकडून फेज-अर्थ मोजून घ्या. फेज-न्यूट्रलइतकंच, २३० च्या आसपास आलं पाहिजे, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्टच्या आत. मीटरच्या पुढचं आतलं वायरिंग बेस्टचं किंवा उपनगरातल्या वीज कंपनीचं नसतं, ते तुम्हालाच दुरुस्त करावं लागतं.

खरंच फरक पडला का

परत करण्याची मुदत संपायच्या आत जुना जॅक आणि नवा डॅक समोरासमोर ऐका, पण आवाज जुळवून. किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो आणि नवा डॅक जवळपास नेहमीच मोठा असतो. ५० हर्ट्झच्या शुद्ध स्वराची फाइल वाजवा, हेडफोन जोडलेलाच ठेवून दुहेरी जोडणीतून (एका जॅकचे दोन करणाऱ्या स्प्लिटरमधून) मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा. साधे मीटर ५० हर्ट्झवर बरोबर मोजतात, १ किलोहर्ट्झवर त्यांचा भरवसा नाही. पिवळा डीटी ८३० मात्र इथे निरुपयोगी, त्याची एसीची सर्वांत खालची पट्टी २०० व्होल्टची असते. २ व्होल्टची पट्टी असलेला मीटर हवा. एका बाजूला ०.५०० आलं तर दुसरी ०.४९५ ते ०.५०५ मध्ये बसवा, म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. मग कुणाला तरी न सांगता अदलाबदल करायला लावा आणि दहा वेळा ओळखा. पाच-सहाच बरोबर आले आणि खरखरीची तक्रार मुळात नव्हतीच, तर डबा खोक्यात भरा आणि परत पाठवा.

ठेवलात तर पावसाळ्यात पिनांकडे लक्ष द्या. समुद्राच्या हवेत ३.५ मिमीच्या पिनेवर हिरवट थर चढतो आणि एक कान मधूनच जातो, डॅक बिघडल्यासारखाच. पिन आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, जॅकमध्ये चार-पाच वेळा आत-बाहेर फिरवा. डोंगल वापरात नसेल तेव्हा सिलिका जेलच्या पुडीबरोबर झाकणाच्या डबीत ठेवा. त्याची वायर पिनेपाशी दुमडून तुटते, म्हणून बॅगेत टाकताना तो लॅपटॉपला लोंबकळत ठेवू नका.